हाडाच्या फटीत सापडलेलं आतडं : पेल्व्हिक फ्रॅक्चरनंतर चौथ्या दिवशी उलगडलेलं प्रकरण

पेल्व्हिसच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या कड्याच्या, फ्रॅक्चरचा रुग्ण आला की सगळ्यांचं लक्ष आधी रक्तस्रावाकडे जातं, आणि ते योग्यच आहे. या हाडांच्या मागे शिरांचं दाट जाळं असतं. पोटाच्या पडद्यामागे (पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं पातळ अस्तर) दोन-तीन लिटर रक्त साचलं तरी बाहेरून काही दिसत नाही. त्यानंतर मूत्राशय आणि मूत्रमार्ग तपासले जातात. आतड्याचा विचार फार उशिरा होतो, कारण बहुतेक रुग्णांच्या आतड्याला काही झालेलंच नसतं. हे प्रकरण उरलेल्या थोड्यांपैकी एकाचं आहे. रुग्ण शिकवण्यासाठी रचलेला आहे. त्याच्या बाबतीत जे जे घडतं ते मात्र अशा प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा भेटतं.

दाखल होताना

४१ वर्षांचा पुरुष, आधीचा कोणताही आजार नाही. चालत्या दुचाकीवरून उजव्या कुशीवर पडला आणि कमरेचं हाड दगडी कठड्याच्या कडेवर आदळलं. अपघातानंतर दीड तासाने तो रुग्णालयात पोहोचला. पूर्ण शुद्धीवर होता, बोलत होता. नाडी ११२, रक्तदाब १०४/६८. एक लिटर सलाइन गेल्यावर नाडी ९६ वर आली आणि तिथे टिकली.

उजव्या कमरेवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता, कातडी कुठेही फाटलेली नव्हती. पोट मऊ होतं, उजव्या बाजूला खाली दाबलं की दुखत होतं. रुग्णवाहिकेतच पेल्व्हिक बाइंडर, म्हणजे हाडांचं कडं आवळून धरणारा पट्टा, बांधलेला होता आणि तो योग्य जागी, म्हणजे मांड्यांच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यांवर होता. (तो कमरेच्या हाडांवर बांधला तर उपयोग होत नाही, ही चूक अजूनही बरीच दिसते.) गुदद्वाराच्या तपासणीत हातमोज्याला रक्त लागलं नाही, हाडाचं टोकही बोटाला लागलं नाही. लघवी स्वच्छ होती. फास्ट सोनोग्राफीत, म्हणजे पोटात रक्त किंवा द्रव आहे का हे झटपट पाहणाऱ्या तपासणीत, पोटात पाणी दिसलं नाही.

शिरेतून डाय देऊन सीटी काढला. त्यात उजव्या इलियमच्या पात्याचे, म्हणजे कमरेच्या रुंद पसरट हाडाचे, चार तुकडे झालेले दिसले. पेल्व्हिसचं कडं शाबूत होतं, सेक्रम (कण्याच्या तळाचं हाड) आणि पुढचा सांधाही ठीक. पात्याच्या आतल्या बाजूच्या इलियाकस स्नायूत रक्ताची गाठ होती. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं सुरक्षित होती, आतड्याबाहेर मोकळी हवा नव्हती. अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ‘पेल्व्हिसमध्ये अल्प प्रमाणात द्रव.’

केवळ इलियमच्या पात्याच्या फ्रॅक्चरला द्युव्हर्ने फ्रॅक्चर म्हणतात. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ जोसेफ गिशार द्युव्हर्ने याने त्याचं वर्णन केलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १७५१ मध्ये छापलं गेलं. अस्थिरोग विभागाच्या दृष्टीने हे सौम्य फ्रॅक्चर. शरीराचा भार सेक्रमकडून खुब्याच्या सांध्याकडे जातो तो पात्याच्या खालून. पातं मोडलं तरी कडं टिकून राहतं, आणि बहुतेकांना वेदनाशामक आणि आधाराची काठी यांवर बरं करता येतं. म्हणून फाइलवर शेरा पडला: ‘स्थिर फ्रॅक्चर, शस्त्रक्रियेची गरज नाही.’ बाइंडर काढला, रुग्ण वॉर्डात गेला.

हा शेरा हाडापुरता बरोबर होता. अडचण अशी, की ‘स्थिर’ हा शब्द फाइलवर लागला की वाचणाऱ्याच्या मनात तो अख्ख्या रुग्णाला लागू होतो. पेल्व्हिसचं कडं शाबूत राहणं ही हाडाच्या भारवहनाबद्दलची माहिती आहे. त्या तुकड्यांच्या शेजारी काय होतं आणि तुकडे हलले तेव्हा त्याचं काय झालं, हे त्यातून कळत नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट फुगलं. दोनदा उलटी झाली, दुसऱ्या वेळी हिरवट. पोट तरीही मऊ होतं आणि स्टेथोस्कोपने आतड्याचे आवाज अगदी क्षीण येत होते. पोटॅशियम ३.२ निघालं. एक्स-रेत लहान आतड्याची वळणं फुगलेली होती. निदान झालं पॅरालिटिक इलियस, म्हणजे आतडं तात्पुरतं सुस्तावणं. नाकातून नळी घातली, ६०० मिलि पित्तमिश्रित पाणी निघालं, पोटॅशियम सुरू केलं, मॉर्फिनचा डोस कमी केला.

या क्षणी हे निदान अगदी वाजवी आहे, आणि दुसऱ्या दिवशी ते करणाऱ्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. पडद्यामागे रक्त साचलं की आतडं मंदावतं. मॉर्फिन ते आणखी मंद करतं, पोटॅशियम कमी असेल तर आणखीनच. रुग्ण आडवाच पडून असतो. म्हणजे चार खरी कारणं हाताशी आहेत आणि चारही नेहमी भेटणारी. धोका नेमका इथेच असतो. खुलासा इतका तयार मिळतो की पाचव्या कारणाची वाट बंद होते.

तिसऱ्या दिवशी पोटॅशियम ४.१ झालं. मॉर्फिन जवळजवळ थांबलं होतं. तरी नळीतून चोवीस तासांत १२०० मिलि आलं. परिचारिकेच्या तक्त्यावर सकाळ, दुपार, रात्र तिन्ही पाळ्यांत एकच नोंद होती: गॅस नाही, शौच नाही. रात्रपाळीच्या नोंदीत एक वाक्य जास्त होतं. रुग्ण म्हणत होता, ‘हाडाचं दुखणं वेगळं, सिस्टर. हे मधेच पीळ मारून येतं आणि जातं.’

पीळ मारून येणारी कळ सुस्तावलेल्या आतड्यात सहसा नसते. अडथळ्याविरुद्ध जोर लावणाऱ्या आतड्यात ती येते. त्या दिवशीच्या एक्स-रेतही खूण होती. इलियसमध्ये सहसा लहान आणि मोठं, दोन्ही आतड्यांत वायू पसरलेला असतो. इथे लहान आतडं फुगलेलं आणि मोठं आतडं जवळजवळ रिकामं होतं. मधे कुठेतरी वाट बंद होती. कारणं दुरुस्त केल्यावर इलियस हळूहळू का होईना सुधारायला हवा. तो सुधारत नाही आणि नळीचं पाणी वाढतंय, तर आदल्या दिवशीचं निदान तिथेच रद्द समजावं. इलियसचं निदान लिहिताना शेजारी वेळही लिहावी, असं माझं ठाम मत आहे: पोटॅशियम सुधारल्यावर आणि मॉर्फिन कमी केल्यावर २४ तासांत फरक नसेल तर पुन्हा सीटी. वेळ लिहिलेली नसली की ‘इलियस, निरीक्षणाखाली’ हा शेरा रोज सकाळी तसाच पुढच्या पानावर उतरतो.

चौथा दिवस

सकाळी ताप ३८.४ अंश सेल्सिअस, नाडी ११८. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी, दाखल झाल्यानंतरच्या ९० वरून २६० वर गेलं होतं. पोट अजूनही मऊ. उजव्या नितंबाच्या वरच्या भागात मात्र नवी लाली होती, आणि तिथे बोटांनी दाबलं की कातडीखाली करकर जाणवत होती. हवा होती.

पोट मऊ आणि नितंबात हवा, हे कोडं शरीररचना आठवली की सुटतं. इलियमच्या पात्याच्या आतल्या बाजूला इलियाकस स्नायू पसरलेला असतो, त्यावर त्याचं आवरण, आणि त्यावर पोटाचा पडदा. उजव्या बाजूला त्या पडद्याला टेकून लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) असतो. डाव्या बाजूला सिग्मॉइड (मोठ्या आतड्याचा गुदाशयाआधीचा भाग). पात्याचा मधला भाग पातळ असतो, काही जणांत उजेड आरपार दिसेल इतका. जोराचा आघात झाला की तुकडे क्षणभर एकमेकांपासून लांब जातात, त्यांच्या कडा स्नायू आणि पडदा फाडतात, आणि आतल्या दाबाने आतड्याचं एक वळण त्या फटीत ढकललं जातं. आघाताचा जोर संपला की तुकडे परत जवळ येतात. दारात बोट सापडावं तसं ते वळण हाडाच्या दोन कडांमध्ये सापडतं.

त्यानंतरचा क्रम ठरलेला असतो. आधी शिरा दाबल्या जातात, रक्त परत जात नाही, भिंत सुजते. सूज आली की धमन्याही बंद होतात. मग भिंत काळी पडते आणि फुटते. पण ती फुटते हाडाच्या फटीत. आतड्यातला मळ पोटाच्या मोकळ्या जागेत न जाता फ्रॅक्चरच्या रक्ताच्या गाठीत जातो आणि तिथून पाठीमागे नितंबाच्या स्नायूंत. पोटाच्या पडद्याला दाह उशिरा पोहोचतो. म्हणून पोट फळीसारखं कडक होत नाही, एक्स-रेत डायफ्रॅमखाली हवा दिसत नाही, आणि तपासणारा हात मऊ पोट पाहून निश्चिंत होतो. आतडं फुटल्याची जी खूण आपण पहिल्या वर्षापासून शिकतो, ती इथे नेमकी गैरहजर असते.

याहूनही फसवा प्रकार म्हणजे वळणाऐवजी भिंतीचा एकच भाग सापडणं. तेव्हा वाट पूर्ण बंद होत नाही. रुग्णाला गॅस होतो, कधी शौचालाही होतं, आणि पहिली खूण म्हणून काही आठवड्यांनी कमरेवर पू किंवा मळ बाहेर येतो.

दुपारी सीटी पुन्हा काढला. लहान आतडं फुगलेलं, आणि वाट ज्या बिंदूला बंद होत होती तो बिंदू फ्रॅक्चरच्या फटीतच होता. इलियाकसखाली आणि नितंबाच्या स्नायूंत हवेचे बुडबुडे होते.

पहिल्या सीटीत काय होतं

आता जुने फोटो पुन्हा उघडले. आडव्या छेदांत, मऊ ऊतींच्या विंडोमध्ये (म्हणजे मऊ भाग उठून दिसतील अशा सेटिंगमध्ये), आतड्याचं एक वळण चोचीसारखं निमुळतं होत हाडाच्या फटीकडे गेलेलं स्पष्ट दिसत होतं. त्याच्या टोकाशी वायूचा एक ठिपका होता. हाडांच्या विंडोमध्ये तोच ठिपका फ्रॅक्चरमधली हवा किंवा नुसती काळी फट वाटतो. आणि फ्रॅक्चर समजून घ्यायला अस्थिरोगतज्ज्ञ सर्वांत आधी जी त्रिमितीय प्रतिमा उघडतात, तिच्यात संगणक मऊ ऊती पूर्ण काढून टाकतो. हाडाचे चार तुकडे अतिशय सुंदर दिसतात आणि त्यांच्यात अडकलेलं आतडं प्रतिमेतून नाहीसं झालेलं असतं.

हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे असं मला वाटतं. हाडांचा डॉक्टर हाडं पाहतो, पोटाचा डॉक्टर यकृत, प्लीहा आणि मोकळी हवा पाहतो. फट दोघांच्याही नजरेच्या सीमेवर पडते. ती पाहायला अर्धा मिनिट पुरतो: फ्रॅक्चरच्या प्रत्येक फटीवर मऊ ऊतींच्या विंडोमध्ये थांबायचं आणि त्या फटीत जे काही आहे ते रक्त आहे, स्नायू आहे की आतडं, हे मनाशी ठरवायचं. ठरवता येत नसेल तर रेडिओलॉजिस्टला नेमका तोच प्रश्न विचारायचा. ‘पेल्व्हिक फ्रॅक्चर, कृपया पाहा’ असं लिहून पाठवलेल्या कागदाला त्याच प्रतीचं उत्तर मिळतं.

‘अल्प प्रमाणात द्रव’ ही ओळही मुकाट सोडण्यासारखी नव्हती. यकृत-प्लीहा शाबूत असताना पुरुषाच्या पोटात द्रव दिसला तर तो कुठून आला याचं उत्तर हवं. पेल्व्हिक फ्रॅक्चरमध्ये ते उत्तर बऱ्याचदा फ्रॅक्चरचं रक्त हेच निघतं, हे खरं. पण आतडं किंवा त्याला रक्त पुरवणारी मेझेन्टरी फाटली तरी सुरुवातीला कधी कधी एवढंच दिसतं. अशा रुग्णाचं पोट शक्यतो एकाच डॉक्टरने ठरावीक तासांनी तपासत राहावं, म्हणजे बदल त्याच्या हाताला कळतो. फास्ट सोनोग्राफीवर इथे विसंबता येत नाही. ती द्रव शोधते, आतड्याची भिंत नाही.

ऑपरेशन

संध्याकाळी जनरल सर्जन आणि अस्थिरोगतज्ज्ञ दोघेही टेबलाशी होते. दोघे एकाच वेळी असण्याला कारण आहे, ते पुढे येतं.

मधोमध छेद घेऊन पोट उघडलं. गढूळ पाणी थोडंच होतं. फुगलेली वळणं बाजूला सारून सर्जनने रिकाम्या, कोमेजलेल्या आतड्यापासून उलट्या दिशेने माग काढला. सीकमपासून साधारण ३० सेंमी अंतरावर आतडं उजवीकडे खाली एका भोकात शिरत होतं आणि शेजारून फुगलेलं बाहेर येत होतं. पडदा आणि इलियाकस दोन्ही फाटलेले होते.

इथे ओढायचं नाही. हाडाच्या कडा धारदार असतात, सडलेली भिंत ओढली की मळ सगळ्या पोटात पसरतो, आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या इलियाक रक्तवाहिन्या तिथून फार दूर नसतात. आधी भोकाभोवती पॅड लावून बाकीचं पोट झाकलं. मग अस्थिरोगतज्ज्ञाने फ्रॅक्चरच्या कडेत तरफेसारखं हत्यार घालून एक तुकडा अलगद बाहेरच्या दिशेने सरकवला. फट एक बोटभर उघडली आणि वळण आपोआप सैल झालं. ८ सेंमीचा तुकडा काळा पडलेला, दोन ठिकाणी फुटलेला. तो कापून काढला.

मग आतडं जोडायचं की तोंड पोटावर काढायचं, हा प्रश्न. पहिल्या दिवशी निदान झालं असतं तर मी जोडण्याच्या बाजूने असतो. लहान आतड्याला रक्तपुरवठा चांगला असतो आणि ताजी जोडणी सहसा टिकते. पण चार दिवसांचा संसर्ग, सुजलेल्या भिंती, भूलतज्ज्ञाने रक्तदाब टिकवण्यासाठी नुकतंच सुरू केलेलं नॉरअॅड्रेनलिन, आणि जोडणीच्या शेजारीच पूमिश्रित फ्रॅक्चर अशा स्थितीत जोडणी करणं मला पटत नाही. इथे इलिओस्टोमी केली, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलं. तिची नेहमीची जागा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला असते, पण ती फ्रॅक्चरच्या अगदी वर आली असती. पुढे हाडावर काम करावं लागलं तर छेद तिथूनच जाणार. म्हणून ती डावीकडे, वरच्या बाजूला काढली. स्टोमाची (पोटावर काढलेल्या या तोंडाची) जागा अस्थिरोगतज्ज्ञाला न विचारता ठरवू नये. पिनांच्या किंवा छेदाच्या वाटेत मळाची पिशवी आली की दोघांचंही काम बिघडतं.

हाडावर प्लेट बसवली नाही. मळाने भिजलेल्या फ्रॅक्चरमध्ये धातू ठेवला की जंतूंना कायमचं घर मिळतं, आणि या फ्रॅक्चरला प्लेट लागतच नव्हती. सुटे निर्जीव तुकडे काढले, भरपूर सलाइनने धुतलं, हाडाचे नमुने कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवले. पडद्यातल्या भोकावर ओमेंटमचा (आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्याचा) पदर शिवून बसवला, म्हणजे दुसरं वळण तिथे जाणार नाही. नितंबातला पू वेगळ्या छेदातून काढून तिथे ड्रेन, म्हणजे स्राव वाहून जाण्यासाठी नळी, ठेवला.

आतड्याला इजा होण्याच्या इतर वाटा

अडकणं ही सर्वांत दुर्मिळ वाट. तिच्याबद्दल जे छापलं गेलं आहे ते मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदी आहेत. प्रत्यक्षात जास्त भीती असते ती गुदाशयाची, विशेषतः उघड्या पेल्व्हिक फ्रॅक्चरमध्ये. हाडाचं टोक गुदाशयात घुसतं किंवा जननेंद्रियं आणि गुदद्वार यांमधला भाग फाटतो आणि मळ थेट फ्रॅक्चरमध्ये जातो. गुदाशयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्याबाहेर असल्याने इथेही पोट मऊच राहतं. म्हणून मोज्यावरचं रक्त, स्त्रियांमध्ये योनीची तपासणी, आणि शंका असेल तर दुर्बिणीने गुदाशय पाहणं, हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं. कातडीवरची छोटी जखम नुसती शिवून टाकणं इथे जीवघेणं ठरू शकतं.

गुदाशयाच्या इजेत मळाची वाट वळवण्यासाठी कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढणं), सेक्रमपुढे ड्रेन आणि खालचं आतडं धुणं ही पद्धत व्हिएतनाम युद्धातल्या अनुभवातून रूढ झाली. इस्टर्न असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा या अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये पडद्याबाहेरच्या गुदाशयाच्या, फार न फाटलेल्या इजांसाठी कोलोस्टोमीची शिफारस कायम ठेवली. ड्रेन आणि धुणं सरसकट करू नये असं सांगितलं. ती शिफारस गोळी किंवा भोसकल्याच्या जखमांबद्दल आहे. फ्रॅक्चरने फाटलेला गुदाशय आणि शेजारी चिरडलेले स्नायू हा वेगळा प्रश्न आहे, तिथे ड्रेनचा निर्णय जखम पाहूनच घ्यावा लागतो.

त्यानंतर

रुग्ण तीन दिवस अतिदक्षता विभागात होता. कल्चरमध्ये ई. कोलाय आणि ऑक्सिजनविना वाढणारे जंतू निघाले. हाडाचा संसर्ग गृहीत धरून प्रतिजैविकं सहा आठवडे दिली. मधल्या जखमेत पू झाला, काही टाके उघडे ठेवावे लागले. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं हेपॅरिन ऑपरेशननंतर रक्तस्राव नाही याची खात्री होताच पुन्हा सुरू केलं. पेल्व्हिक फ्रॅक्चर आणि पोटाचं ऑपरेशन एकत्र असताना ते विसरणं परवडत नाही. दुसऱ्या आठवड्यात वॉकर घेऊन चालणं सुरू झालं.

स्टोमाबद्दल रुग्णाला आणि घरच्यांना ऑपरेशनआधी जेमतेम दहा मिनिटं सांगता आलं होतं. नंतर स्टोमा नर्सने पिशवी बदलणं, कातडी जपणं, दिवसाला किती बाहेर गेलं तर काळजी करायची हे सावकाश शिकवलं. पाणी आणि मीठ जास्त जाऊन अशक्तपणा येतो, आणि तो पहिल्या महिन्यात सर्वाधिक फसवतो. पिशवीतलं प्रमाण मोजून लिहायची सवय त्याने लावून घेतली, त्यामुळे एकदा दीड लिटरच्या वर गेलं तेव्हा तो त्याच दिवशी परत आला आणि दोन बाटल्या सलाइनवर भागलं.

चार महिन्यांनी सीटीत हाड जुळलेलं दिसलं, पू नव्हता, सीआरपी सामान्य होतं. खालच्या आतड्यात डाय सोडून वाट मोकळी असल्याची खात्री केली आणि आतडं जोडलं. पाचव्या दिवशी तो घरी गेला. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूचा बधिरपणा राहिला आहे. फ्रॅक्चरच्या कडेने जाणारी कातडीची नस दुखावल्याचा तो परिणाम, आणि तो पूर्ण जाईल असं आश्वासन त्याला दिलेलं नाही. काढून टाकलेल्या तुकड्यांमुळे पात्यात दोन सेंमीची पोकळी उरली आहे. तिच्यातून पुढे हर्निया होऊ शकतो, म्हणून त्याच्या कागदांवर ठळक लिहिलं आहे: कमरेच्या मागे फुगवटा दिसला, किंवा उलट्यांबरोबर पोट फुगलं आणि गॅस बंद झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावं आणि जो डॉक्टर भेटेल त्याला हे जुनं फ्रॅक्चर आधी सांगावं.